वरून वाढलेलं पाणी

विमलकाकू गेल्या त्याला आता सव्वा महिना होईल. वाशीत सकाळी शाळेत शिकवायला निघाले होते, तेवढ्यात परंड्याहून अम्मीचा फोन आला. "विमलताई गेल्या," म्हणाली, आणि पुढं, "लवकर ये. माणसं जमायलीत अन् रांजणापाशी कुणीच न्हाय." दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हातारीचं डोकं फिरलं. मला नाही वाटलं.

आम्ही काकूंच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मी चौथीत होते. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं, त्यामुळं घरोघरी साठवलेलं. काकूंच्या रांजणावर झाकण, आणि शेजारी खिळ्याला लांब दांड्याचं पितळी वगराळं. रांजणात ग्लास बुडवायचा नाही, हात घालायचा नाही. वगराळ्यानं पाणी काढून ग्लासात वरून ओतायचं, ग्लासाला टेकवायचंसुद्धा नाही. आम्ही पोरं त्यांच्या माघारी त्यांना 'वगराळंकाकू' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं.

वाटलं ते अम्मीला. पहिल्यांदाच त्यांच्याकडं गेली, तर काकूंनी तिच्या ग्लासात वरून पाणी ओतलं. ग्लास तसाच ठेवून ती घरी आली. "आपण मुसलमान, म्हणून वरून वाढती," एवढंच बोलली आणि पंधरा दिवस त्या घराकडं फिरकली नाही. अपमान गिळणाऱ्यातली माझी अम्मी नव्हेच.

शेवटी काकूच आल्या. "भाभी, पाणी द्या जरा," म्हणत आत येऊन बसल्या. अम्मीनं मुद्दाम माठात ग्लास बुडवला, चार बोटं पाण्यात, आणि त्यांच्यापुढं धरला. आता हिचं खरं काय ते कळंल, अशा नजरेनं बघत राहिली. काकूंनी ग्लास घेतला आणि खाली ठेवला. "हे न्हाय पिणार म्या. तुमच्या हातचं पिईन, बोटं बुडालेलं न्हाय. आमच्या मालकांनी दिलं तरी न्हाय." मग सांगितलं... पहिली लेक दोन वर्षांची असताना हगवणीनं गेली. घरातलंच पाणी बाधलं, असं डॉक्टर म्हणाले होते. "त्या पाण्यात माझेच हात हुते, भाभी."

अम्मी उठली. साबणानं हात धुतले आणि भरून झाकलेल्या घागरीतलं पाणी त्यांच्या ग्लासात वरून ओतलं. काकूंनी ते घटाघटा पिऊन टाकलं. पुढच्या आठवडी बाजारातून आमच्याकडंही वगराळं आलं.

दोन वर्षांनी अब्बांना कावीळ झाली, तेव्हा काकूंनी आमच्या घराचा ताबाच घेतला. पाणी उकळायचं, संडासहून आलं की साबण, अब्बांची भांडी निराळी. घाबरून अम्मी त्यांचं अंथरूणच बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत हलवायला निघाली, तर काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ताट येगळं करा, माणूस येगळा करू नगा." रोज अब्बांजवळ बसून गप्पा मारायच्या आणि उठल्या की मोरीवर रगडून हात धुवायच्या. आम्ही तिन्ही भावंडं ठणठणीत राहिलो. त्याचं श्रेय मी अजून त्या बाईलाच देते, कुणी काही म्हणो.

तर त्या दिवशी मी पोचले तेव्हा काकूंच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. दुखऱ्या गुडघ्यांची माझी अम्मी रांजणाशी पाटावर बसलेली, हातात तेच पितळी वगराळं. गावाकडून आलेल्या एका पाहुण्यानं ग्लास सरळ रांजणात घालायला हात लांबवला, तो तिनं अडवला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आमाला वरून वाढता व्हय?"

"सगळ्यांनाच वरून," अम्मी म्हणाली. "ह्या घरच्या बाईचा नेम हाय त्यो."

त्यानं ग्लास पुढं केला. मला रडू आवरेना. प्रवासानं घशाला कोरड पडलेली, मीही ग्लास घेऊन अम्मीपुढं वाकले. वगराळं हलेना. अम्मीनं माझ्या हातांकडं बघितलं, तिचेही डोळे भरलेले.

"बसनं आलीस न्हवं? आधी हात धुऊन ये."