रेवाच्या पायाचं चौथं बोट

डॉक्टरांनी माझ्या तान्ह्या नातीचे, रेवाचे, दोन्ही मोजे काढले आणि उजव्या पायाचं चौथं बोट चिमटीत धरून दिव्याखाली नेलं. बोट द्राक्षासारखं फुगलं होतं, जांभळं पडलं होतं. त्यांनी भिंग मागवलं. मान वर न करता विचारलं, "कधीपासून रडतेय?"

"काल दुपारपासून," माझी सून सायली म्हणाली.

"बोटाला धागा किंवा केस गुंडाळला गेलाय. इतका रुतलाय की मला पकडता येत नाही. असंच नगरला न्या, मी तिथल्या सर्जनना फोन करतो."

चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं, हेअर थ्रेड टूर्निके. टूर्निके म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधतात ती पट्टी. तान्ह्या बाळाच्या बोटाला गुंडाळलेला केस किंवा धागा तेच काम करतो. बोट सुजतं, सुजलं की धागा आणखी आत जातो, मग दिसेनासा होतो. रक्त पोचेनासं झालं की बोट मरायला लागतं. साठ वर्षांत मी हे नाव ऐकलं नव्हतं. तुम्हीही ऐकलं नसेल, म्हणून लिहिते आहे.

आम्ही शेवगावचे. मी कारकुनी करून निवृत्त झालेली. मुलगा अमोल साखर कारखान्यात केमिस्ट आहे. सायली बाळंतपणाला माहेरी कोपरगावला गेली, तेव्हा मी मोबाईलवर बघून क्रोशा शिकले. नातवंडासाठी फुलांच्या चौकोनांचं पांघरूण करायचं ठरवलं. मधे पिवळी चकती, भोवती गुलाबी पाकळ्या, मग हिरवी पानं आणि पांढरी कड. असे बेचाळीस चौकोन.

प्रत्येक रंगाच्या लोकरीचं सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक, अशी एका चौकोनामागे आठ टोकं उरतात. ती जाड सुईत ओवून विणीतून दोनतीनदा उलटसुलट फिरवायची असतात, तरच ती सुटत नाहीत. काम अगदी कंटाळवाणं. पांघरूण बारशाच्या दिवशी बाळंतविड्यात द्यायचं होतं आणि दिवस कमी उरले होते. शेवटच्या दहाबारा चौकोनांना मी नुसत्या गाठी मारल्या आणि टोकं जवळून कापून टाकली.

बारशाला आलेल्या सगळ्या बायकांनी ते उलगडून बघितलं. मला फार बरं वाटलं होतं.

तिसरा महिना संपल्यावर सायली रेवाला घेऊन घरी आली. एकदा मला म्हणाली, "आई, याची टोकं निघायला लागलीत. हे खाली अंथरू का? वरून साधं दुपटं घालते."

"घाल की. तुझ्या माहेरची दुपटी हायेतच," मी म्हणाले.

त्या दिवसापासून माझं पांघरूण रोज रेवाच्या अंगावर दिसायला लागलं.

थंडी कडक पडली होती. त्या दुपारी झोपेत रेवाचा उजवा मोजा निघाला होता आणि पाय पांघरुणाच्या जाळीत अडकला होता. मीच तो सोडवला आणि मोजा परत चढवला. बोटांकडे बघितलं नाही. तासाभरात ती रडायला लागली.

मी म्हटलं, पोटात वात धरलाय. बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याच्या पुरचुंडीने शेकलं. संध्याकाळी दृष्ट काढली. थोडा वेळ थांबायची, परत किंचाळून रडायची.

"आई, हे रडणं वेगळं आहे. दवाखान्यात जाऊ या," सायली म्हणाली.

"अगं, अमोल लई रडायचा असा. लेकरू रडलं की पळा दवाखान्यात, असं न्हाई करायचं."

अमोल हंगामामुळे कारखान्यावरच मुक्कामाला होता. त्याचा फोन आला तेव्हा मीच घेतला आणि काही नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता म्हणून रेवाला आंघोळ घातली नाही, नुसतं अंग पुसलं. मोजे काढलेच नाहीत. दूध दोन घोट प्यायची आणि सोडून द्यायची.

दुपारी सायली बाळाची पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. "मी चालले. तुम्ही येताय का?" मी चपला घातल्या.

शेवगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, अमोल गाडी घेऊन तिथेच आला आणि आम्ही नगर गाठलं. सर्जनबाईंनी रेवाला लगेच आत नेलं. थोडी भूल देऊन धागा कापावा लागेल, म्हणाल्या. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो.

"पण धागा आला कुठून?" अमोलने विचारलं.

मी म्हणाले, "बाळंतिणीचे केस गळतात. सायलीचे किती गळतायत, बघतोस ना. केसच असणार."

सायली शेजारीच बसली होती. तिने ओढणी डोक्यावरून घेतली, सगळे केस आत खोचले, गच्च गाठ मारली आणि तशीच बसून राहिली. आधीच्या संध्याकाळी पांघरुणाला एक सुटं टोक लोंबताना मी बघितलं होतं. तेव्हा ते बोटाने आत सारलं होतं. म्हणजे मला अगदीच माहीत नव्हतं असं नाही.

सर्जनबाई एक छोटी तबकडी घेऊन बाहेर आल्या. कापसावर पांढरा बारीक तुकडा होता. "केस नाही, लोकर आहे. एक पदर सुटून त्याचे तीन वेढे बसले होते. हाडापर्यंत गेलेला नाही."

अमोलने माझ्याकडे बघितलं. सायलीने बघितलं नाही.

बाईंनी पुढचं समजावलं. बोट दाबलं की पांढरं पडतं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी व्हायला हवं. याला कॅपिलरी रिफिल म्हणतात. रक्त पोचतंय का, ते त्यावरून कळतं. "बोटाच्या मुळाशी रंग येतोय. टोकाशी अजून नाही. वाट बघू या. काल आणलं असतं तर बरं झालं असतं."

पाच दिवस आम्ही तिथे होतो. रोज सकाळी बाई बोट दाबायच्या आणि आम्ही बघत राहायचो. चौथ्या दिवशी टोक काळं पडलं. ड्राय गँगरीन, म्हणजे मेलेला भाग वाळत जाणं. कापायची गरज नाही, शरीर तो आपणहून वेगळा करेल, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर काही आठवड्यांनी पट्टी बदलताना तांदळाच्या दाण्याएवढा काळा तुकडा गॉजवर निघाला. सायलीने तो मला दाखवला नाही. मी तिच्या खांद्यावरून पाहिला.

पांघरूण मी उसवायला घेतलं. नीट टोकं ओवलेले चौकोन तासभर सुटेनात. गाठी मारलेले मात्र हातातच मोकळे झाले.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांना सांगते. बाळ रडायचं थांबत नसेल तर त्याचे सगळे कपडे काढा. हातापायाचं एकेक बोट सुटं करून बघा, मुलगा असेल तर शूची जागाही बघा. मोजे-हातमोजे उलटे करून सुटे धागे तपासा. जाळीचं विणकाम बाळाच्या उघड्या पायांवर घालू नका. धागा दिसला आणि सहज निघाला नाही तर ओढत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि बाळाची आई म्हणत असेल की हे रडणं वेगळं आहे, तर ते वेगळंच असतं.

सायलीशी याबद्दल बोलायला मला आठ महिने लागले. एका दुपारी आम्ही मेथी निवडत होतो. मी म्हणाले, "दवाखान्यात मी तुझ्या केसांचं बोलले, ते फार चुकलं माझं."

तिचे हात थांबले नाहीत. "लागलं होतं मला, आई. पण केस माझाही असू शकला असता. त्याचं एवढं नाही. पहिल्या दुपारी मला कळत होतं आणि मी तुम्हाला घाबरून घरात बसून राहिले. ते माझ्या मनातून जात नाही."

घरात मी कधी आवाज चढवला नाही, सुनेला कधी टाकून बोलले नाही, असं मी लोकांना सांगत असे. माझी भीती वाटते हे मला तिने त्या दिवशी सांगितलं. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

रेवा आता घरभर चालते. ते बोट जरा आखूड आहे, त्याला नख नाही. चालण्यात फरक पडणार नाही, असं सर्जनबाई म्हणाल्या होत्या आणि तो पडलेला नाही.

मागच्या महिन्यात ती दिवसभर किरकिर करत होती, लाळ गाळत होती, खात नव्हती. सायलीने गाडीची चावी घेतली. मी फाईल आणि पाण्याची बाटली घेतली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. डॉक्टरांनी तोंडात बोट फिरवून बघितलं, म्हणाले, दाढा येतायत, काळजी नको.

मलाही सकाळपासून तेच वाटत होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही.