समुद्रातली राखण

हसायचं असंल तं आत्ताच हसून घ्या लेकहो, कारण मी जे केलं ते मले अजूनही चूक वाटत नाही. चहा येऊन राह्यला, तोवर ऐका. अन् मधात कोणी शहाणपणा शिकवला तं मी उठून जाईन.

आमच्या वडनेरात साऱ्यायले माहीत हाय, ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर मी. दादा कापसाच्या गाड्या घेऊन मलकापूरले जिनिंगवर जाये, बाजार करे, हाटेलात बसून भजे खाये. अन् मी? वावरात चार मेढीच्या माळ्यावर उभा राहून दिवसभर गोफण फिरवत पाखरं हाकलत राहो. गळा बसून जाये. एक वर्षी मी म्हणलं, "दादा, औंदा गाड्या मी नेतो."

दादा म्हणे, "तुले पाखरं हाकलण्याशिवाय काही येते काय बे?"

बस, डोक्यात गेलं माह्या. मी म्हणलं, "आता या माळ्यावर चढणार नाही. दुसरं काम करून पोट भरून दाखवतो, नाही तं तोंड दाखवणार नाही." अन् तसाच रागारागात नांदुऱ्याहून आगगाडीत बसलो, तो थेट मुंबई.

तिथं बंदरावर पोती उचलता उचलता एका कोकणी तांडेलाशी वळख झाली. तांडेल म्हंजे गलबत चालवणारा, गलबतावरचा पाटीलच समजा. तो तांदूळ भरून दूर दक्षिणेले बेटाबेटांनी हिंडे, अन् नारळ-काथ्या घेऊन परत येये. त्याले पोती उचलणारा पाहिजे होता, मले माळा नको होता. जमलं.

आता गलबतावर राहणं कसं असते, ते तुम्हाले काय समजणार? पूर्णेले पूर आला तं मी काठावरूनच नमस्कार करणारा माणूस, अन् महिनोन् महिने पायाखाली जमीन नाही. निजायचं दोराच्या वेटोळ्यावर, आंघोळ खाऱ्या पाण्यानं, चूल रेतीच्या पेटीत. इकडं तुम्ही पौषात शेकोटीपाशी कुडकुडत बसता, तिथं उघड्या अंगाले घाम. खलाशायचं खाणं म्हंजे भात अन् सुकट, दोन्ही एकाच भांड्यात शिजवलेलं. आमच्या घरात मासळीचं नावही काढत नाही, म्हणून मी मुंबईहूनच ज्वारीचं पोतं सोबत घेतलं होतं. रोज घुगऱ्या शिजवो अन् वारा जिकडून येईल तिकडं तोंड करून खाओ, सुकटीचा वास नको म्हणून.

तांडेल एकदा म्हणाला, "तुमच्या मुलखात समुद्र नाही का रे?"

मी म्हणलं, "नाही. पण बुलढाण्याले डिप्टी कमिशनर हाय." मान खाली कायले घालायची?

तं झालं काय, एका बेटावर विहीर खारी निघाली. पिंपातलं पाणी तळाले गेलं. पुढचं बेट अंधार पडायच्या आत गाठणं भाग होतं, नाही तं साऱ्यायचे घसे कोरडे. अन् ती बेटं कशी? भाकरीसारखी सपाट. जवळ गेल्याशिवाय दिसतच नाहीत. तांडेलानं मले डोलकाठीवर चढवलं अन् सांगतलं, "पाखरं दिसली की मला सांग."

काऊन, कायले, काही नाही. एवढंच बोलला अन् गेला सुकाणूवर.

दिवस कलला अन् आली पाखरं. पांढरी, चांगला थवा, अगदी आमच्या शिडावरून चाललेली. आता तुम्हीच सांगा, राखणदार पहिले सांगाले जाते का पहिले हाकलते? सांगत बसलं तं कणसात दाणे उरतात का? गोफण कमरेले होतीच, धोतरावर गुंडाळलेली. सरसर खाली उतरलो, गलबताच्या तळाशी वजनाले दगडगोटे असतात त्यातले चार उचलले, अन् देल्ली सणसणून. आरोळी तं अशी ठोकली की वडनेरात दादाले ऐकू गेली असंल. पाखरं चारी दिशांनी पांगली. आभाळ साफ.

मी छाती काढून तांडेलापाशी गेलो. म्हणलं, "पाखरं दिसली होती. हाकलली. एक ठेवलं नाही."

तांडेलानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "मेल्या, ती पाखरं संध्याकाळी जमिनीवर घरट्यात जातात. त्यांच्या मागोमाग आपण जाणार होतो. वाट दाखवणाऱ्यांनाच दगड मारलेस तू."

"मंग हे पहिले सांगाचं नाही काय?"

"पाखरांना दगड मारू नको, हे सांगायचं असतं?"

"आमच्याकडं मारा म्हणूनच सांगतात."

तांडेल म्हणाला, "बेट सापडू दे, तिथंच उतरवतो तुला." खरं सांगतो, हे मले परवडणारं नव्हतं. उतरवलं म्हंजे परत वडनेर, परत दादा, अन् परत माळा. पण मी मागं हटणारा नाही. म्हणलं, "तुम्ही दर्या सांगा, पाखरं मले इचारा. हाकललेलं पाखरू गेलं असं कधी झालं नाही. दाणा दिसला की येतेच."

अन् माह्या ज्वारीचं पोतं आणून गलबतभर फोकलं. मूठ मूठ नाही, पोतंच उपडं केलं.

चारदोन पाखरं फिरून आली, पण एक खाली उतरलं नाही. वरून पाहून तशीच गेली. खलाशी ज्वारीवरून घसरून घसरून पडू लागले. भिकू नावाचा एक खलाशी कंबर चोळत उठला अन् म्हणाला, "समुद्रातली पाखरं ती. त्यांना मासळी लागते, ज्वारी नव्हे."

मी म्हणलं, "मंग तसं बोल ना." नाकाले उपरणं बांधलं, दोन बोटांनी साऱ्यायच्या सुकटीचं गाठोडं सोडलं अन् उधळली वर. आली ना बापा पाखरं! गेली तेवढी आली, वर सोयरेधायरे घेऊन आली. मी तांडेलाकडं पाहिलं, म्हणलं, "कसं?"

तांडेलानं पाखरं जातील तिकडं सुकाणू वळवलं. पण पाखरं जात कुठं? मी सुकट टाके म्हणून ती गलबतावरच भिरभिर करत. आम्ही पाखरायच्या मागं, पाखरं आमच्या मागं. एका जागी गोल गोल फिरलो, भवऱ्यासारखे. सूर्य कधी पुढं तं कधी पाठीशी.

"टाकणं बंद कर," तांडेल वरडला.

"टाकलं नाही तं जातील."

"जायलाच तर हवीत."

हे माह्या ध्यानात येईपर्यंत गाठोडं रिकामं झालं होतं. पाखरायनं थोडी वाट पाहिली, अन् मंग सारी एकाच दिशेनं निघाली. आम्ही त्यायच्या मागं. उजेड जाता जाता नारळाचे शेंडे दिसले. पोहोचलो ना? माह्यामुळंच पोहोचलो, असं मी आजही म्हणतो.

विहीर गोडी होती, पाणी पोटभर भेटलं. पण सुकट तं साऱ्यायची संपली. तिथं एक म्हातारी होती, किनाऱ्यावर मासळीचं मोठं वाळवण घातलेलं अन् त्यावर कावळे. तांडेलाले बेटावरच्या लोकायची भाषा येये. तो तिच्याशी बोलला, हातानं माह्या कमरेच्या गोफणीकडं दाखवलं, अन् दोघंही हसले. मंग मले म्हणाला, "ती सुकट द्यायला तयार आहे. बदल्यात आम्ही परत येईपर्यंत तू तिची मासळी राखायची."

मी म्हणलं, "मी गलबतावरून उतरणार नाही."

"नको उतरू. पण गलबतावर खाशील काय?"

ज्वारी तं मीच उधळलेली. उतरलो. म्हातारीनं नारळाच्या खोडांचा माळा बांधून देल्ला, मासळीच्या मधोमध. तिथं बसून नारळ खाऊन राह्यलो अन् दिवसभर गोफण. धोतराले जो वास लागला तो अजून जात नाही, बायको साक्षी हाय.

तांडेल परतून आला अन् मले घेऊन निघाला. घरी आलो तं दादा ओट्यावर बसलेला. म्हणे, "काय काम केलं बे तिकडं?" खोटं मले बोलता येत नाही. सारं सांगतलं.

दादानं धोतराच्या वासानं नाक दाबलं. मंग म्हणे, "म्हंजे घरच्या ज्वारीची राखण कराची लाज वाटे, म्हणून तू समुद्र ओलांडून सुकटीची राखण कराले गेलता?"

मी म्हणलं, "हाव. पण कावळा टेकू देल्ला नाही."