लाल चिठ्ठीची बरणी

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात नव्हे, मेलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात नोकरीला होतो. 'नवीन जात' घेऊन येणाऱ्या हौशी लोकांचा मला कंटाळा यायचा. एकदा शहरातल्या गार्डन रीच भागातले एक बंगाली शाळामास्तर बरणीत खेकडा घेऊन आले. त्याला बायकोचं नाव द्यायचंही त्यांनी ठरवलं होतं.

मी कपाटातून लाल चिठ्ठीची बरणी काढली. लाल चिठ्ठी म्हणजे मूळ नमुना. ज्या एका खेकड्यावरून साऱ्या जातीला नाव मिळालं, तोच हा. मास्तरांनी धोतराला हात पुसले आणि भिंग लावून ते वाकले. पाठीवरच्या रेषा, पायांवरचे केस, सगळं जुळत गेलं. बायकोचं नाव हुकलं. मला वाईट वाटलं, पण मास्तरांचे डोळे चमकत होते.

"बाबू, याला तर एक नांगीच नाही! आणि जगातले सगळे याच्यावरून ओळखायचे?"

"पहिला हाच सापडला," मी म्हणालो.

मग त्यांनी आपली बरणी हळूच लाल चिठ्ठीच्या बरणीसमोर सरकवली आणि ते तिच्यातल्या एका नांगीच्या खेकड्याला म्हणाले, "बघा आजोबा, धडधाकट होतात तेव्हा तुम्ही असे दिसायचात."