गळती शोधणारा कान

परवा दुपारी लेकाने घरातला मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला, आणि तो म्हणाला, "बघ, आता तर जास्तच येतोय." तेव्हापासून आईच्या जिवाला चैन नव्हती. सगळं बंद केल्यावर वाढणारा आवाज असतो तरी कसला?

तसं पाहिलं तर आवाज शोधण्यावरच लेकाचं पोट होतं. प्लास्टिकच्या बाटल्या फुगवणाऱ्या कारखान्यात तो हवेच्या नळ्या सांभाळायचा. मोठा कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती नळ्यांतून मशिनींपर्यंत जाते आणि वाटेत सांध्यासांध्यांतून निसटते. आठवड्याच्या सुट्टीला मशिनी बंद असतात, कॉम्प्रेसर मात्र चालू ठेवतात. हवा कोणी वापरत नाही, तरी तो मधूनमधून धापा टाकत सुरू होतो. म्हणजे तेवढी गळतेच आहे. मग हा कान पुढे करून नळीनळीपाशी फिरायचा. शंका आली की ब्रशने साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले की लाल फीत बांधायचा. कारखान्यात त्याला सगळे ससोबा म्हणत.

"विजेचा मोठा वाटा हवा दाबतानाच उष्णता होऊन जातो, आई," तो सांगायचा. "कॉम्प्रेसरच्या खोलीच्या झरोक्यापाशी मांजरं झोपतात, त्यांची चैन. उरलेलं थोडं नळीत शिरतं. तेही गळू द्यायचं?"

"म्हणजे तू मांजरांचं उरलेलं राखतोस," आई म्हणायची, आणि दोघं हसायची. तिने पदवीला पदार्थविज्ञान घेतलं होतं. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हे वाक्य तिने परीक्षेत किती वेळा लिहिलं असेल. लेक त्याच वाक्याच्या मागे वाकून वाकून फिरतो, याचा तिला अभिमान होता.

पण परवा तो घरातच फेस घेऊन फिरायला लागला.

"गॅस नीट बंद केलास?"

"केला रे बाबा. तूच तर बघितलास."

त्याने रेग्युलेटरवर फेस लावला. बुडबुडा नाही. मग फ्लशची टाकी, खिडकीची फट, खाली जाऊन स्कूटरचा टायर. आई फेसाची वाटी धरून मागे मागे. "बारीक सूं असा. तुला येतोय ना?" त्याने विचारलं.

तिने कान टवकारले. येतोय असंही वाटलं, नाही असंही वाटलं. "येतोय वाटतं," ती म्हणून बसली आणि लगेच पस्तावली.

"पुरे आता. चहा घेतोस?" ती त्याच्या डाव्या हाताला उभी राहून म्हणाली. तो ढिम्म. ती पलीकडे गेली. "चहा?"

"अगं, केव्हाची वाट बघतोय विचारशील म्हणून!"

चहा घेताना तो ओशाळून बोलला. "मागच्या फेरीत मी अकरा फिती बांधल्या. आमच्या मिस्त्रींनी फेस लावून पाहिला तर गळत होत्या चारच. म्हणाले, ससोबा, फितींचं दुकान काढलंस की काय."

"तू नाही लावलास फेस?"

"कानावर भरवसा होता माझा."

"आणि कानात घालायचे बोळे देतात ना तुम्हाला?"

"बोळे घालून गळती ऐकू येणार कशी? कॉम्प्रेसरपाशी तर काढावेच लागतात. पहिल्यापासून काढतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "मिस्त्रींना काही बोलू नकोस हं. ते मला स्टोअरमध्ये बसवतील. मग मी कसला ससोबा?"

तेव्हापासून आई हिशेब लावत होती आणि तो लागत नव्हता. एवढ्या अवाढव्य यंत्रातून आवाज म्हणून बाहेर पडते ती ऊर्जा चिमूटभर. एका कानात शिरते ती तर वर्षभर साठवली तरी चमचाभर पाणी कोमट होणार नाही. ढीगभर उष्णता वाया गेली तिने मांजरं सुखावली, आणि या चिमटीने लेकाचा कान खाल्ला? की खाल्लाच नाही, आणि घरात खरंच काहीतरी गळतंय? काल भांडी घासताना तिलाही तो आवाज आला होता. नळ बंद केला तर गेला. पुन्हा उघडून बंद केला, तर आला की नाही तेच कळेना.

उद्या कारखान्याला सुट्टी, म्हणजे त्याची फेरी. तो पुन्हा बोळे काढून त्या धडधडीपाशी उभा राहणार, आणि आता नीट ऐकू येत नाही म्हणून जास्तच वेळ उभा राहणार. हे एवढं मात्र तिला कळत होतं.

चौतीस वर्षांच्या बाप्याच्या आईने मिस्त्रींना फोन करायचा? हसतील ते. लेक आठ दिवस बोलणार नाही. नाही बोलला तर नाही. इतरांनी बोललेलं त्याला ऐकू येऊ दे.

तो आंघोळीला गेला होता. तिने बाथरूमच्या दाराशी जाऊन मोठ्याने हाक मारली, "अरे, मी जरा फोन करते आहे!"

"कर की! कुणाला?"

तिने कॅलेंडरच्या मागे त्यानेच लिहून ठेवलेला मिस्त्रींचा नंबर काढला आणि लावला.