परीक्षेला झाकण नसतं

आमच्या घरात देवाचं नाव घेऊन जेवढा छळ झाला, तेवढा सैतानाला मुद्दाम बोलावून आणलं असतं तरी त्याला जमला नसता. हे मी रागानं लिहितेय. राग ओसरायची वाट बघत बसले तर लिहूनच होणार नाही.

माझे वडील, आप्पा, आटपाडीला हायस्कुलात मास्तर होते. रिटायर झाल्यावर आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपदेश करायला लागले. छडी तेवढी शाळेत राहिली, बाकी सगळा मास्तर घरी आला. आई साताऱ्याची. तिला साखरेचा आजार, आणि गोडाची ओढ अशी की बिनसाखरेच्या चहाकडं बघून तिचे डोळे भरायचे. नाताळात मामा साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा खोका आणायचा. आप्पा तो खोका कुणाला वाटून टाकायचे नाहीत. आईच्या खाटेजवळ एक स्टूल होतं, त्याच्यावर ठेवायचे. उघडा.

"आवं, झाकण तरी लावा," आई म्हणायची.

"परीक्षेला झाकण नसतं," आप्पा म्हणायचे आणि पेपर वाचायला बसायचे.

खव्याचा वास घरभर पसरायचा. आई भिंतीकडं तोंड करून पडायची, उठून भांडी घासायची, देवाचं गाणं पुटपुटायची. कधीतरी दुपारी हात जायचाच. संध्याकाळी आप्पा खोक्यात डोकावायचे. रागवायचे मात्र कधीच नाहीत. रागवले असते तर बरं झालं असतं. कौटुंबिक प्रार्थनेला सगळे बसले की ते डोळे मिटून, एरवीची बोली सोडून, पुस्तकी मराठीत देवाला कळवायचे, "प्रभू, आज या घरात एका जिवाची परीक्षा झाली, आणि तो जीव नापास झाला." शेवटी सगळ्यांबरोबर आईलाही आमेन म्हणावं लागायचं. ती म्हणायची.

तेव्हा मी पुण्याला धर्मशास्त्र शिकत होते. आप्पांची सगळी इमारत दोन शब्दांवर उभी होती. परीक्षा देव घेतो, मोह सैतान घालतो. म्हणजे ते आईला मोह घालत नाहीत, तिची परीक्षा घेतात. ग्रीक शिकताना मला कळलं की आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, जिथं कुठं परीक्षा आहे आणि जिथं कुठं मोह आहे, तिथं मुळात बहुतेक एकच शब्द आहे. पेइरास्मोस. आणि रानात उपाशी बसलेल्या प्रभूला धोंड्यांच्या भाकरी कर म्हणून सांगायला जो सैतान आला, त्याला त्याच शब्दावरून नाव पडलंय. परीक्षा घेणारा. हे वाचलं तेव्हा मी वर्गात मोठ्यानं हसले. कधी एकदा घरी जाऊन आप्पांना सांगते असं झालं.

सांगितलं. आप्पांनी शांतपणे चष्मा पुसला.

"आनि शास्त्रात बापाला पोरगं बळी द्याय वेदीवर बांधाय लावलं, ती परीक्षा कुनी घेतली? सैतानानं?"

तिथंही ग्रीक भाषांतरात त्याच शब्दाचं क्रियापद आहे, आणि परीक्षा घेणारा देवच. मला ते कबूल करावं लागलं. मी म्हटलं, "पण त्याच शास्त्रात एका पत्रात लिहिलंय की देव कुणालाच असं मोहात घालत नाही. तिथंही तेच क्रियापद आहे."

"मंग ग्रीकांचाच गोंधळ झालेला दिसतोय," ते म्हणाले. पेपर तपासताना चुकीच्या उत्तरावर हसायचे तसंच हसले.

आई दारात बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुझ्या त्या भाषेत झाकणाला काय म्हंत्यात गं?"

मला आठवलं नाही.

त्याच वर्षी आईच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली, आणि मिरजेला नेऊन अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, ही जुनी साखर आहे, एखाद्या पेढ्यानं असं होत नाही. पुढच्या रविवारी आप्पांनी उपदेशात पेढ्याचंच सांगितलं. आई पहिल्या रांगेत बसली होती, पायाला पांढरी पट्टी. लोक पट्टीकडं बघत होते. मला आप्पांचा गळा धरावासा वाटला. आजही ते आठवलं की वाटतं.

मग आप्पांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिस, आणि पाण्यावर बंदी. दिवसाला जेमतेम एक तांब्या, तोही घोट घोट. जास्त झालं तर पाणी छातीत भरून जीव जाईल, असं डॉक्टर आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले. आटपाडीच्या उन्हाळ्यात! आईनं माठ परसात हलवला. ती स्वतः आत जाऊन, आवाज न करता पाणी प्यायची. त्यांच्या ओठांना ओलं फडकं लावायची. मी शिक्षण संपवून घरी आले होते. तिची ही माया बघून मला तिचाही राग यायचा.

एका संध्याकाळी मंडळीतले दोन वडीलधारे प्रार्थनेला आले. त्यातला एक कौतुकानं म्हणाला, "मास्तर, वैनींनी माठबी नजरंआड ठेवलाय. लय जपत्यात तुमास्नी."

आप्पांना ते झोंबलं. "माठ लपवाय मी काय तिच्यासारखा कच्चा हाय व्हय? ए, भरून आन तांब्या. ठेव हितं."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. "खरंच आनू?"

"आन म्हनलं की."

ती परसात गेली. लंगडत आली. काठोकाठ भरलेला, बाहेरून घाम आलेला तांब्या तिनं त्याच स्टुलावर ठेवला. आम्ही डोळे मिटले. वडीलधाऱ्यानं लांबलचक प्रार्थना केली, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना सुरू केली. परीक्षेत आणू नकोस, ही ओळ आली तेव्हा एक आवाज कमी होता. त्या जागी घट् घट् घट् ऐकू येत होतं.

आमेन झालं. आप्पांचा सदरा छातीपर्यंत भिजला होता. पाहुणे जमिनीकडं बघत बसले. मला आनंद झाला. अगदी पोटातून, गुदगुल्या झाल्यागत आनंद झाला.

आप्पा आईकडं बघत होते, आता ती देवाला कळवेल म्हणून. तिनं रिकामा तांब्या उचलला, परसात गेली, पुन्हा काठोकाठ भरून आणून ठेवला.

"फेरपरीक्षा," ती म्हणाली.

आप्पांचा हात स्टुलाकडं निघाला. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. तांब्यावरून नजर काही हटेना. मग माझ्या वडिलांनी, सगळ्यांसमोर, बारीक आवाजात म्हटलं, "झाकण लाव की गं."

त्या प्रार्थनेतली ‘परीक्षेत आणू नकोस’ ही ओळ कशी भाषांतरित करावी यावर मी पुण्यात पानंच्या पानं खरडली होती. यापेक्षा नेमकं मला कुठंच सापडलं नव्हतं.

"परीक्षेला झाकण नसतं," आई म्हणाली. "तुमीच सांगितलंय." आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेली.

पाहुण्यांचा चहा होईपर्यंत दुसरा तांब्याही रिकामा झाला. सकाळी श्वास लागला म्हणून आप्पांना सांगलीला हलवावं लागलं. छातीत पाणी भरलं होतं. वाचले. घरी आले तेव्हा माठ पुन्हा परसात होता आणि तांब्यावर झाकण होतं. आता ती देईल तेवढंच पितात. संध्याकाळी प्रार्थना होते. परीक्षेत आणू नकोस, ही ओळ आली की आप्पा डोळे उघडतात आणि ती आईकडं बघून म्हणतात.