काचेवरचा अंगठा

हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. मी बी.एस्सी.ला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारी... तरी हे आमच्याच घरात घडलं.

आम्ही कोपरच्या खाडीकाठचे. माझे धाकटे काका वेल्डर म्हणून आखातात गेलेले. वर्षभर पत्रं आली, मग बंद. कंपनी म्हणाली, काम सोडून गेला. वकिलातीकडूनही काही कळलं नाही. शेवटी वडीलधाऱ्यांनी ठरवलं — माणूस मिळत नाही, तर कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. काकांना मूल नाही, म्हणून सगळं माझ्या मोठ्या भावाने, दादाने केलं. पुतळ्याच्या हातांची कणीक सारखी तडकत होती. काकी म्हणाली, "हात नीट कर रे. हातावरच पोट होतं त्यांचं." दादाने स्वतःचा अंगठा दाबून दाबून एकेक बोट बसवलं, प्रत्येकावर त्याचा ठसा उमटला. मग काकीच्या बांगड्या फोडल्या.

पुढे काही वर्षांनी दादालाही तिकडेच नोकरी लागली. तिथल्या विमानतळावर नवीन मशीन होतं, काचेवर अंगठा ठेवायचा. दादाने ठेवला. पडद्यावर नाव आलं ते काकांचं. या माणसाला आम्ही एकदा देशाबाहेर काढलंय, आता नाव बदलून आलाय, असं अधिकारी म्हणाला. दादाने सांगितलं, ते माझे काका. दुभाष्या केरळचा होता, तो हसला. "नाम बदल सकता है भाई, उंगली कैसे बदलेगा?"

दादाने पासपोर्टवरचं जन्मसाल दाखवलं. पासपोर्ट खोटा असू शकतो म्हणे, अंगठा नाही. ठसा केव्हाचा, तेवढं त्याने विचारून घेतलं... पुतळा जाळला त्याच्या पुढच्या वर्षीचा. मग काकांना काढून पाठवलं कुठे? तर म्हणाले, मशीनमध्ये एवढंच आहे. दादाला परतीच्या विमानात बसवलं. त्या देशाचं दार त्याला आता कायमचं बंद.

कॉलेजात सरांना विचारलं. दोन माणसांचे ठसे जुळत नाहीत, म्हणाले, मशीन चुकलं असेल. असेल. पण चुकून नाव निघालं ते आमच्याच काकांचं? आणि मशीन चुकू शकतं, हे ऐकून घेणारं तिथे कोणी नव्हतं.

काकीने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मंग मी बांगड्या भरू का नको, तेवढं सांगा."

दादा आता रेती काढायला खाडीत जातो. रेतीने बोटं झिजतात. रोज सकाळी तो निघताना काकी त्याच्या उजव्या अंगठ्याला घट्ट चिंधी गुंडाळते. तोही निमूट हात पुढे करतो. ती कोणाचा अंगठा जपते, ते मी अजून विचारलेलं नाही.