शेवटच्या आवृत्तीत न मावलेलं

लोर्ना माकी डुलुथच्या ग्रंथालयातली नोकरी संपवून घरी बसली. बसली म्हणजे काय, अंध माणसांना संगणक वाचून दाखवणाऱ्या एका फुकट प्रोग्रामची राखण करत बसली. मोठ्या आवृत्त्या तरण्या पोरांनी काढाव्यात. मधली छोटी, दुरुस्तीची, ती लोर्नाची. आत काय घ्यायचं, बाहेर काय ठेवायचं, हे तीच ठरवी. मोडलंय तेवढं सांधायचं, चालतंय त्याला बोट लावायचं नाही, हा तिचा खाक्या.

यंदाची छोटी आवृत्ती प्रोग्रामच्या जुन्या मालिकेतली शेवटची. त्यानंतर त्या मालिकेला कुलूप.

आणि एल्मर गुस्ताडचं काम अजून यादीत लटकत होतं. एल्मर वर उत्तरेला ईली गावाकडं एकटा राहतो. डोळे गेलेले, कानांनीही ठार बहिरा. बोटांखाली टिंबं उठवणारी ब्रेलची पट्टी, एवढाच त्याचा जगाशी बोलायचा रस्ता. संगणक जरा डुलकी घेऊन उठला की पट्टी मुकी व्हायची. मग चाळीस मैलांवरून बहीण हेल्गा येऊन संगणक पुन्हा सुरू करीपर्यंत गडी तसाच बसून. नवी मालिका त्याच्या म्हाताऱ्या पट्टीला ओळखतच नाही.

या पट्टीची दुरुस्ती ड्वाइटनं लिहिली होती, लोर्नाच्या कामातल्या जुन्या जोडीदारानं. फोनवर म्हणाला, "घे की गं आत. कोडच्या चारशे ओळी तर आहेत."

"चारशेला 'तर' म्हणतोस? अकरा जातीच्या पट्ट्या त्याच वाटेनं जातात, बाबा. आपल्याकडं तपासायला तीन."

"मग एक बटण ठेव. ज्याला हवं तो चालू करील."

"बटणाला नाव लागतं. भाषांतरवाले तीस भाषांचं काम आटपून कधीच घरी गेले. छोट्या आवृत्तीत नवा शब्द नाही, हा नियम तूच मताला टाकला होतास."

"तेव्हा मला अक्कल जास्त होती. बरं, बिनबटणाचं कर. सेटिंगच्या फायलीत गुपचूप एक ओळ. एल्मरची बहीण लिहील ती."

लोर्नाचा जीव जरा भांड्यात पडला. तिनं तसं केलं आणि विनिपेगच्या एका बाईकडं तपासायला धाडलं. तीही एल्मरसारखीच, पट्टी तेवढी दुसऱ्या जातीची.

संध्याकाळी उत्तर आलं, बाईच्या नवऱ्याच्या हातचं. 'ती ओळ बंदच होती, तरी हिची पट्टी गेली. मी कामावरून आलो तेव्हा कळलं. सकाळपासून ही तशीच बसून आहे.'

लोर्नानं चारशेच्या चारशे ओळी उपसून बाहेर काढल्या. उरलेल्या सात बारक्या दुरुस्त्या घालून आवृत्ती सोडली. एल्मरला लिहिलं, 'नाही जमलं. पुढंही जमायचं नाही.' पुढच्या खेपेला बघू, असं लिहायला बोट वळेना. पुढची खेपच नव्हती.

चौथ्या दिवशी त्याचं उत्तर आलं.

'पत्र आज वाचलं, पट्टी मुकी होती आणि हेल्गा आजच आली म्हणून. तुझ्या जागी मीही बाहेरच काढलं असतं, मनाला लावून घेऊ नकोस. हेल्गाला पण चौऱ्याहत्तरावं लागलं. या हिवाळ्यानंतर गाडी चालवणार नाही म्हणते.'